श्वानदंशाचा न्याय

बगदाद शहराच्या कडेला तेल हरमल नावाचे एक मातीचे टेकाड आहे. इराकच्या पुराणवस्तू खात्याने १९४५ पासून तेथे उत्खनन केले, तेव्हा कीलाकृती लिपीत लिहिलेल्या दोन मृत्तिकापट्टिका हाती लागल्या. एश्नुन्ना या प्राचीन नगरराज्याचे कायदे त्यांवर अक्कादी भाषेत लिहिलेले होते. आल्ब्रेख्ट गोएत्से या पंडिताने ते वाचून १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. हे कायदे इसवी सनापूर्वी सुमारे १७७० या काळातील, म्हणजे हम्मुराबीच्या विख्यात संहितेहून थोडे आधीचे मानले जातात. धान्याचे भाव, नावेचे भाडे, मजुराचे वेतन, विवाह, कर्ज अशा नित्याच्या व्यवहारांचे नियम त्यांत आहेत. आणि त्यांतच एक नियम चावणाऱ्या कुत्र्याविषयी आहे.

तो नियम असा: कुत्रे पिसाळलेले असेल, पेठेच्या अधिकाऱ्यांनी त्याच्या धन्याला तशी ताकीद दिली असेल, तरीही धन्याने त्याचा बंदोबस्त केला नसेल, आणि त्या कुत्र्याच्या चाव्याने एखादा मनुष्य मेला, तर धन्याने चाळीस शेकेल चांदी द्यावी. मेलेला मनुष्य गुलाम असेल तर पंधरा शेकेल द्यावी. याच पट्टिकांवर मोलाने राबणाऱ्या मजुराचे महिन्याचे वेतन एक शेकेल चांदी असे सांगितले आहे. म्हणजे एका स्वतंत्र माणसाच्या जिवाची भरपाई चाळीस महिन्यांच्या मजुरीइतकी ठरली. ही रक्कम मोठी म्हणावी की लहान, याचा निर्णय करणे कठीण आहे. एवढे मात्र खरे की, माणसाने माणसाचे नाक चावून तोडले तर त्याच संहितेप्रमाणे साठ शेकेल मोजावे लागत. मनुष्याच्या दातांवर श्वानाच्या दातांपेक्षा अधिक जबाबदारी टाकण्यात त्या प्राचीन विधिकारांनी काही विवेक पाहिला असावा.

या छोट्याशा नियमात तीन गोष्टी एकत्र गुंफलेल्या आहेत. कुत्र्याला धनी आहे. कुत्रे धोक्याचे आहे हे त्या धन्याला कळविलेले आहे. आणि कळूनही त्याने हात हलविला नाही. या तीन गोष्टी सिद्ध झाल्या तरच चांदी मिळायची. त्यानंतर जवळजवळ पावणेचार हजार वर्षे जगातील विधिशास्त्र याच तीन खुंट्यांभोवती फिरत आले आहे. कुत्रे कोणाचे, धोका कोणाला ठाऊक होता, आणि ठाऊक असून कोण स्वस्थ बसला, हेच ते तीन प्रश्न. जखमी माणसाच्या हक्काचा इतिहास म्हणजे या प्रश्नांच्या बदलत गेलेल्या उत्तरांचा इतिहास होय.

भारतीय धर्मशास्त्रानेही या विषयाकडे दुर्लक्ष केलेले नाही. दात असलेल्या व शिंगे असलेल्या जनावरांच्या धन्यासंबंधी याज्ञवल्क्यस्मृतीत एक स्पष्ट वचन आहे. जनावर कोणावर तुटून पडले असता सोडविण्याचे सामर्थ्य असूनही धनी सोडवीत नसेल, तर त्याला प्रथमसाहस नावाचा दंड करावा. आणि संकटात सापडलेल्याने हाक मारूनही तो धावला नसेल, तर दंड दुप्पट करावा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही याच आशयाचा नियम आढळतो. एश्नुन्नाच्या कायद्याने ताकिदीला महत्त्व दिले, तर याज्ञवल्क्याने हाकेला दिले. एकाने आधी मिळालेली सूचना मोजली, दुसऱ्याने त्या क्षणी कानांवर पडलेला आक्रोश मोजला. दोहोंतील तत्त्व मात्र एकच आहे. ज्याला कळले आणि जो थांबवू शकत होता, तोच दोषी.

येथे एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दंड हा राजाच्या कोशात जातो; त्याने जखमीच्या घरातली चूल पेटत नाही. हे प्राचीन शास्त्रकारांच्या लक्षात आले नव्हते असे नाही. एखाद्याने दुसऱ्याला इजा केली, तर राजदंडाखेरीज त्या जखमीला पुन्हा उभे करण्यास लागणारा खर्चही इजा करणाऱ्याकडून घ्यावा, असे मनू व याज्ञवल्क्य या दोघांनीही सांगितले आहे. या खर्चाला त्यांनी ‘समुत्थानव्यय’ हा अर्थपूर्ण शब्द योजला आहे. आडवा पडलेला मनुष्य उठून उभा राहीपर्यंत जे जे लागेल, त्याचा हा खर्च. आधुनिक न्यायालये ज्याला नुकसानभरपाई म्हणतात, तिचे याहून नेटके वर्णन करणे कठीण आहे.

श्वानदंशाच्या बाबतीत हे समुत्थान किती अवघड असते, याची जाणीवही आपल्या पूर्वजांना होती. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाचे वर्णन आहे. दंशाची जागा पिळून रक्त काढावे, तापलेल्या तुपाने ती डागावी, असा उपचार तेथे सांगितला आहे. परंतु ज्या रोग्याला पाण्याचे भय वाटू लागले, तो वाचत नाही, असाही निर्वाळा दिला आहे. त्या निर्वाळ्यात आजही फारसा फरक पडलेला नाही. जलसंत्रासाची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. म्हणूनच कुत्र्याचा चावा आणि इतर सामान्य जखमा यांत कायद्याच्या दृष्टीनेही अंतर आहे. जखम लहान असली तरी तिच्या पाठीशी मरणाची छाया उभी असते, आणि ती छाया दूर करण्यासाठी लागणारा वेळ, पैसा व मनःस्ताप हा त्या जखमेचाच भाग असतो.

रोमन लोकांनी या प्रश्नाला व्यवहाराची शिस्त लावली. इसवी सनापूर्वी सुमारे ४५० मध्ये सिद्ध झालेल्या द्वादशपट्टांच्या कायद्यापासून त्यांच्याकडे असा नियम होता की, जनावराने नुकसान केले तर धन्याने भरपाई द्यावी, नाहीतर ते जनावरच नुकसान सोसणाऱ्याच्या हवाली करावे. पुढे बाजारपेठा व रस्ते यांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी याहून कडक आज्ञा काढली. जेथून लोकांची ये-जा असते अशा जागी कुत्रा, रानडुक्कर, अस्वल किंवा सिंह कोणी ठेवू नये. ठेवलाच आणि त्याने स्वतंत्र माणसाचा जीव घेतला, तर दोनशे सुवर्णनाणी द्यावीत. नुसती इजा केली, तर न्यायाधीशाला योग्य वाटेल ती रक्कम द्यावी. अन्य नुकसान झाले, तर त्याची दुप्पट द्यावी. सम्राट जस्टिनियनने ५३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विधिग्रंथात हा नियम नोंदलेला आहे. त्यातील महत्त्वाचा शब्द आहे ‘रस्ता’. घराच्या चार भिंतींत काय पाळावे हा धन्याचा प्रश्न असेल. परंतु सार्वजनिक वाटेवर चालणाऱ्याचा निर्भयपणा हा राज्याने राखावयाचा विषय आहे, हे रोमने प्रथम स्वच्छपणे सांगितले.

ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात एका घराच्या उंबरठ्याशी रंगीत खड्यांनी साखळीतला कुत्रा चितारला असून, त्याखाली कुत्र्यापासून सावध राहण्याची सूचना लॅटिन भाषेत लिहिली आहे. पुण्यातील बंगल्यांच्या फाटकांवर जी पाटी आजही दिसते, तिची ही पणजी म्हणावयास हरकत नाही. परंतु या पाटीचा कायद्यातील अर्थ दुहेरी आहे. येणाऱ्याला सावध केले, म्हणून धनी काही अंशी सुटतो. आणि कुत्रे चावरे आहे हे आपल्याला ठाऊक होते, अशी कबुलीही तो त्याच पाटीने देऊन बसतो.

ही कबुली किती मोलाची, हे समजण्यासाठी इंग्लंडच्या कायद्याकडे वळावे लागते. कारण ब्रिटिश राजवटीबरोबर तोच कायदा हिंदुस्थानात आला. इंग्लंडच्या न्यायालयांनी प्राण्यांचे दोन वर्ग केले होते. वाघ-सिंहांसारखे प्राणी जात्याच हिंस्र. ते पाळणाऱ्याने परिणाम भोगावेत. कुत्रा मात्र स्वभावतः माणसाळलेला प्राणी. तेव्हा तो चावला, तर हा विशिष्ट कुत्रा चावरा आहे हे धन्याला आधीपासून माहीत होते, असे जखमी माणसाने सिद्ध केले पाहिजे. १७०० च्या सुमारास ‘मेसन विरुद्ध कीलिंग’ या खटल्यात मुख्य न्यायाधीश होल्ट यांनी हे तत्त्व मांडले. १८४६ मध्ये ‘मे विरुद्ध बर्डेट’ या खटल्यात एका स्त्रीला माकड चावले होते. धनी निष्काळजी होता की नव्हता हे पाहण्याची गरज नाही, त्याला प्राण्याचा दुष्ट स्वभाव ठाऊक होता एवढे पुरे, असा निर्णय न्यायालयाने दिला. माहिती असेल तर जबाबदारी पूर्ण. माहिती नसेल तर काहीच नाही.

या तत्त्वाचा व्यवहारातील परिणाम काय झाला? प्रत्येक कुत्र्याला पहिला चावा फुकट मिळाला. ज्याला तो पहिल्यांदा चावला, त्याने औषधपाणी आपल्या पैशाने करावे, आणि आपल्या जखमेने दुसऱ्याच्या खटल्यासाठी पुरावा निर्माण करून ठेवावा, असा हा न्याय होता. तो इतका गैरसोयीचा ठरला की मेंढपाळांनी ओरड केली. १८६३ मध्ये स्कॉटलंडसाठी आणि १८६५ मध्ये इंग्लंडसाठी पार्लमेंटने कायदे करून ठरविले की, कुत्र्याने गुरे-मेंढ्या मारल्या तर धन्याने भरपाई द्यावी; त्याला कुत्र्याचा स्वभाव ठाऊक होता हे सिद्ध करण्याची आवश्यकता नाही. मेंढीला हे संरक्षण १८६५ मध्ये मिळाले. मेंढीच्या मागे चालणाऱ्या पोराला मात्र कुत्रा चावला, तर जुनाच नियम लागू राहिला. १९७१ च्या प्राणीविषयक कायद्याने त्याला नवे रूप दिले, तेव्हाही धन्याच्या माहितीची अट पुरती गेली नाही. फ्रान्सने १८०४ च्या नागरी संहितेतच जनावर ताब्यात असो वा सुटलेले असो, त्याच्या धन्याला जबाबदार धरले होते. पण हिंदुस्थानच्या वाट्याला आला तो फ्रान्सचा नव्हे, इंग्लंडचा वारसा.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेतील २८९ वे कलम याच वारशातले. आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये म्हणून जो जाणूनबुजून अथवा निष्काळजीपणाने पुरेसा बंदोबस्त करीत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा द्याव्यात, असे ते कलम सांगत होते. १८६० मध्ये हजार रुपये ही जबर रक्कम होती. तोच आकडा दीडशेहून अधिक वर्षे तसाच राहिला, आणि रुपयाची किंमत उतरत गेली तसतसा दंडाचा धाकही उतरत गेला. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेच्या २९१ व्या कलमाने ही मर्यादा पाच हजार रुपये केली. वसूल झालेल्या दंडातून जखमीला भरपाई देवविण्याचा अधिकार न्यायालयांना आहे. परंतु जेथे दंडच हजाराचा, तेथे त्यातून समुत्थानव्यय तो कितीसा निघणार? उरतो तो दिवाणी दाव्याचा मार्ग. आणि त्या मार्गावर वकील, मुद्रांक व तारखा यांची वाट तुडविण्याचे बळ रोजंदारीवर जगणाऱ्याच्या अंगी क्वचितच असते.

शिवाय या साऱ्या कायद्यांना एक गृहीत धरलेली गोष्ट लागते, ती म्हणजे धनी. ज्या देशात बहुसंख्य कुत्री रस्त्यावर जन्मतात, रस्त्यावर वाढतात आणि रस्त्यावरच मरतात, तेथे हे गृहीतच कोसळते. आपल्या खेड्यातील कुत्रे हे गावाचे कुत्रे असते. एका घरी त्याला सकाळची भाकरी मिळते, दुसऱ्या घरी रात्रीचा उरलासुरला घास. ते सर्वांचे असते, म्हणूनच ते कायद्याच्या दृष्टीने कोणाचेच नसते. दत्तात्रेयाच्या पायाशी चार श्वान आणि खंडोबाच्या सोबतीला कुत्रा पाहणाऱ्या समाजात त्याला हाकलून देणे हेही पाप वाटते. या ममत्वाला बोल लावण्याचे कारण नाही. परंतु ते कुत्रे शेजारच्या मुलाला चावले की घास घालणारे सारे हात मागे घेतले जातात, आणि मुलाचा बाप एकटाच दवाखान्याच्या दारात उभा राहतो.

धनी नसलेल्या कुत्र्यांचे काय करावे, याचे कंपनी सरकारजवळ एकच उत्तर होते. ती मारावीत. मुंबईत ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारण्याची मोहीम निघे, आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. १८३२ मध्ये या मोहिमेची मुदत वाढविण्यात आली. बक्षिसाच्या लोभाने शिपाई लोकांच्या घरांतील पाळीव कुत्रीही ओढून नेतात, असा बोभाटा झाला. पारशी धर्मात कुत्र्याला विशेष स्थान आहे; मृताच्या अंत्यविधीत त्याची दृष्टी प्रेतावर पडणे हा एक आवश्यक संस्कार मानला जातो. ६ जून १८३२ या दिवशी कोटातील पारशांनी, आणि त्यांच्याबरोबर इतरांनीही, कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, व्यवहार थांबले, आणि अखेर सरकारला लष्कराची मदत घ्यावी लागली. पुढे कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडण्याचा मार्ग पत्करण्यात आला. मुंबईच्या नागरी इतिहासातील हा पहिल्या मोठ्या दंगलींपैकी एक प्रसंग. त्या प्रसंगी सरकारचा पक्ष मांडला गेला, कुत्र्यांच्या बाजूनेही लोक उभे राहिले. ज्यांना कुत्री चावली होती त्यांचा पक्ष मात्र कोणी मांडल्याचे दिसत नाही.

त्या पक्षाला पहिला आधार मिळाला तो विज्ञानाकडून. ६ जुलै १८८५ या दिवशी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोझेफ मेइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली आणि तो वाचला. त्यानंतर काही वर्षे हिंदुस्थानातून दंश झालेल्या गोऱ्या सैनिकांना उपचारासाठी पॅरिसला पाठवीत. १९०० मध्ये कसौली येथे आणि १९०७ मध्ये कुन्नूर येथे पाश्चर संस्था उघडल्या, तेव्हा सामान्य माणसाला निदान देशात उपाय मिळू लागला. कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी तयार केलेली लस गावोगावच्या रुग्णालयांत पोचली, आणि ‘पोटातली चौदा इंजेक्शने’ हा शब्दप्रयोग मराठी घरांतून भीतीने उच्चारला जाऊ लागला. ती वेदनादायक लस २००५ पर्यंत देशातून बंद झाली व तिची जागा नव्या, सुरक्षित लसीने घेतली. उपाय उपलब्ध झाल्याने कायद्याच्या दृष्टीनेही एक मोठा बदल झाला. जोपर्यंत श्वानदंशाचे मरण हे दैव होते, तोपर्यंत दोष कोणाचा हा प्रश्न निरर्थक होता. जे टाळता येते, ते न टाळणे हा मात्र अपराध ठरतो.

स्वातंत्र्यानंतर दयेचा विचार कायद्यात आला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत केलेल्या प्रयत्नांतून पुढे १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा झाला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. २००१ मध्ये केंद्र सरकारने श्वानांच्या प्रजनन-नियंत्रणाचे नियम केले, आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. मोकाट कुत्री पकडावीत, त्यांचे निर्बीजीकरण करावे, त्यांना रेबीजची लस टोचावी, आणि जेथून पकडली तेथेच पुन्हा सोडावीत, असा या नियमांचा गाभा आहे. गोव्यातील व मुंबईतील प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००८ मध्ये बहुमताने असे मत दिले की, उपद्रवी कुत्री नष्ट करण्याचा महापालिकेचा अधिकार या नियमांनी संपत नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. वाद कुत्र्यांना मारावे की राखावे या प्रश्नावर चालू राहिला. आणि १८३२ प्रमाणेच चावल्या गेलेल्या माणसाचा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

तथापि याच नियमांनी, कदाचित कोणाच्या ध्यानीमनी नसता, त्या माणसाच्या हक्काचा पाया घातला. निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानाला ओळखीसाठी एक लहानसा छेद देतात. ज्याच्या कानाला असा छेद आहे, ते कुत्रे नगरपालिकेच्या हातातून गेलेले आहे. ते कोठे राहते हे तिला ठाऊक आहे. ज्याच्या कानाला तो नाही, त्याच्या बाबतीत तिने आपले काम अजून केलेले नाही. कोणत्याही बाजूने पाहिले, तरी ‘हे कुत्रे आमचे नव्हे’ असे म्हणून हात झटकणे आता तितके सोपे राहिले नाही. एश्नुन्नाच्या कायद्यातील ‘माहिती असलेला धनी’ चार सहस्रके उलटत आल्यावर एका नव्या रूपाने समोर आला.

या नव्या धन्याकडून भरपाई मागण्याचा मार्ग राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातून निघाला. जीविताचा हक्क शासनाच्या कसुरीने भंगला, तर दिवाणी दाव्याची वाट न पाहता घटनात्मक न्यायालय भरपाई देववू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये रुदुल साह यांच्या आणि १९९३ मध्ये नीलाबती बेहेरा यांच्या प्रकरणात सांगितले होते. ती प्रकरणे बेकायदा कैदेची व कोठडीतील मृत्यूची होती. परंतु तत्त्व व्यापक होते. २०१६ मध्ये केरळातील श्वानदंशाच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापुढे आल्या, तेव्हा न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती सिरी जगन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. दंश झालेल्यांनी अर्ज करावा, समितीने वैद्यकीय कागद पाहावेत आणि भरपाई ठरवावी, अशी ती साधी रचना होती. वकिलावाचूनही सामान्य माणूस जेथे आपली जखम दाखवू शकेल, अशी जागा त्यामुळे निर्माण झाली.

२०२३ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने याहून एक पाऊल पुढे टाकले. मोकाट जनावरांमुळे झालेल्या अपघातांच्या १९३ याचिकांवर एकत्रित निर्णय देताना न्यायमूर्ती विनोद भारद्वाज यांनी भरपाईची प्राथमिक जबाबदारी राज्याची ठरविली. प्रत्येक जिल्ह्यात उपायुक्ताच्या अध्यक्षतेखाली समिती असावी, पोलिसांनी तक्रारीची नोंद विनाविलंब घ्यावी, आणि अर्ज व कागद मिळाल्यापासून चार महिन्यांत भरपाई ठरवावी, असा आदेश त्यांनी दिला. श्वानदंशासाठी त्यांनी किमान माप घालून दिले. दाताच्या प्रत्येक खुणेमागे दहा हजार रुपये. आणि मांस तुटून निघाले असेल, तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरमागे वीस हजार रुपये. ही रक्कम कसूर करणाऱ्या यंत्रणेकडून किंवा व्यक्तीकडून राज्याने नंतर वसूल करावी; जखमीला मात्र तिच्यासाठी ताटकळत ठेवू नये.

दाताच्या खुणा मोजून न्याय देण्याची ही रीत प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु प्राचीन संहिता वाचणाऱ्याला तिच्यात ओळखीची खूण पटेल. नाकाला साठ शेकेल, जिवाला चाळीस, असे जे माप एश्नुन्नाने घातले होते, त्याचाच हा वारसा आहे. मापाचा गुण असा की, ते गरीब-श्रीमंत पाहत नाही आणि वादाला जागा ठेवत नाही. मापाचा दोषही उघड आहे. शाळेच्या वाटेवर चावा बसलेल्या मुलीचे पुढे महिनोन्महिने घराबाहेर न पडणे कोणत्याही पट्टीने मोजता येत नाही. तरी मुळीच न मिळणाऱ्या पूर्ण न्यायापेक्षा वेळेवर मिळणारा अपुरा न्याय श्रेयस्कर, हे व्यवहाराने वारंवार दाखवून दिले आहे.

महाराष्ट्रात या दृष्टीने एक विसंगती डोळ्यांत भरते. वन्य प्राण्यांच्या हल्ल्यात मृत किंवा जखमी झालेल्यांना राज्याचे वनखाते आर्थिक साहाय्य देते. ज्या प्राण्यांसाठी ते मिळते त्यांच्या यादीत वाघ, बिबट्या, अस्वल, लांडगा, तरस यांच्याबरोबर रानकुत्राही आहे. गल्लीतला कुत्रा मात्र त्या यादीत नाही. रानकुत्र्याने माणसावर हल्ला केल्याचे उदाहरण शोधूनही सहजी सापडणार नाही. आणि सरकारी नोंदींप्रमाणे २०२४ या एका वर्षात देशात श्वानदंशाच्या ३७ लाखांहून अधिक घटना घडल्या. वन्य प्राणी राज्याच्या रक्षणाखाली, म्हणून त्याच्या दंशाची जबाबदारी राज्याची, हा युक्तिवाद रास्त आहे. परंतु मग नियमाने पकडलेला, टोचलेला आणि नियमानेच त्याच गल्लीत परत सोडलेला कुत्रा कोणाच्या रक्षणाखाली आहे, याचेही उत्तर द्यावे लागेल.

२०२५ मध्ये हा प्रश्न पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने राजधानी परिसरातील मोकाट कुत्री निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची लस टोचून पूर्वस्थळी सोडावीत असे सांगितले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून कुत्री हटवून ती तेथे परत सोडू नयेत, असा आदेश झाला. रोमच्या बाजार-अधिकाऱ्यांनी सिंह आणि कुत्रा यांना लोकांच्या वाटेपासून दूर ठेवण्याची जी आज्ञा काढली होती, तिचाच हा आजचा प्रतिध्वनी म्हणावा लागेल.

भूतदया आणि भरपाई या एकमेकींच्या वैरिणी आहेत, असा एक समज या वादातून रूढ झाला आहे. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. कुत्र्याला जगू द्यावे असे ज्या समाजाने ठरविले आहे, त्याने त्या निर्णयाची किंमत सर्वांनी मिळून उचलली पाहिजे. ती केवळ ज्याच्या पोटरीत दात रुतले, त्याच्याकडूनच वसूल करणे ही दया नव्हे. भरपाई ही कुत्र्याला दिलेली शिक्षा नसून, आपल्या दयेचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकले त्याची समाजाने केलेली परतफेड आहे. शिवाय प्रत्येक चाव्याची किंमत जेव्हा तिजोरीतून मोजावी लागते, तेव्हा लस टोचण्याची व निर्बीजीकरणाची कामेही वेळेवर होऊ लागण्याचा संभव वाढतो.

हा हक्क मिळविण्यासाठी जखमीनेही काही गोष्टी जपल्या पाहिजेत. जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठणे, हे जिवासाठी. तेथील केसपेपर, टोचलेल्या लशींच्या नोंदी, जखमेचे छायाचित्र, पोलिसांतील नोंद आणि नगरपालिकेला दिलेल्या अर्जाची पोच, हे न्यायासाठी. यांपैकी शेवटची पोच सर्वांत मोलाची आहे. अमुक गल्लीतील कुत्री अंगावर येतात, असा अर्ज चावा बसण्यापूर्वीच एखाद्या रहिवाशाने दिलेला असेल, तर ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ हे उत्तर कायमचे बंद होते.

एश्नुन्नाच्या पेठेत अधिकारी धन्याच्या दारी जाऊन ताकीद देत असे. आज धनी नाही. ताकीद द्यावयाची ती नागरिकाने, आणि घ्यावयाची ती अधिकाऱ्याने. बाजू उलटल्या, परंतु नियम तोच राहिला आहे. कळविले होते काय, आणि कळल्यावर काय केले, एवढेच न्यायाला तेव्हाही विचारावयाचे होते आणि आजही विचारावयाचे आहे.